उसवलेला मोर

कापड हातात आलं की ती आधी ते उलटं करायची. सुलटी बाजू गिऱ्हाइकाला दाखवा, तिला उलटीच बघायची असायची. तिथे दोऱ्याची गाठ दिसली की मान वर न करता एकच शब्द बोलायची, "उसव."

कशालाच चांगलं न म्हणणारं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आम्ही तिला अक्का म्हणायचो. अंबडला बसस्टँडच्या मागे भरतकामाचं दुकान होतं. तिथली कॉम्प्युटरची मशीन अक्का चालवायची. मी आणि आणखी दोघी खाली बसून लोंबते दोरे कापायचो, रिंगेत कापड ताणून द्यायचो. माझी शाळा चौथीत सुटली हे कळल्यापासून तिने माझं नावच बदललं. "ए चौथी, कापड ताणलं का झोळी बांधली?" बाकीच्या दोघी हसायच्या. मी खाली बघायचे.

एकदा दोघींतल्या एकीच्या बोटात मशीनची सुई गेली. ती ओरडली. अक्का उठून आली आणि तिने आधी कापड उचललं. "रक्त लागलं न्हाई ना ह्याला?" म्हणाली. मग तिने बोटाला चिंधी बांधली, तीही इतकी आवळून की पोरगी पुन्हा ओरडली.

पण तिचं काम बघत बसावं असं होतं. टाके पडले की कापड आखडतं. "कॉम्प्युटरच्या पडद्यावर गोल काढला तर खाली कापडावर अंडं उतरतं," ती म्हणायची. "म्हणून हितं जरा वाकडं काढायचं, मंग तिथं बराबर येतं." एखादं फूल ती पडद्यावर तासभर ओढत ताणत बसायची, चिंधीवर काढायची, उलटं करायची, परत पडद्याकडे.

मशीन रिकामी असली की ती एक मोर काढायला घ्यायची. तो गिऱ्हाइकाचा नव्हता. नवऱ्याने तिला सोडलं होतं आणि लेक तीर्थपुरीला ठेवून घेतली होती. तेव्हा पोर नुकती चालायला लागली होती. त्यानंतर तिला ती दिसली नव्हती. तो मोर लेकीच्या फ्रॉकवरचा. पोर वाढणार म्हणून अक्का दर दिवाळीला मोर वाढवायची. नुसता फुगवला तर टाके विरळ पडतात, मोराच्या पोटातून कापड दिसतं. म्हणून एकेका पिसात टाके भरायची. माप मात्र कुठलं आणणार? दुकानात तेवढ्या वयाची पोरगी आली की तिला जवळ ओढून छातीवर वीत टाकायची. "कितवीत हाय गं?" पोरी आईच्या मागे लपायच्या. फ्रॉक द्यायला गेली तर सासरचे दारातूनच परत पाठवायचे. ते सगळे फ्रॉक तिच्या पेटीत पडून होते.

एका लग्नसराईत तिची नणंद दुकानात आली. सोबत पांढरं कापड होतं.

"वैनी, दादाचं जमलं बरं का. अंतरपाट पाहिजे. दोघांची नावं टाकून."

आमच्या कात्र्या थांबल्या.

"जालन्याला लई दुकानं हायत, वन्सं," अक्का म्हणाली.

"तुझ्याच हातचा पाहिजे. वैनीनं सोताच्या हातानं काढून दिला म्हणल्यावर पावन्यात कोन तोंड उघडंल?" नणंदेने पदर सारखा केला. "न्यायला येईन तवा पोरीला घेऊन येते. बघायची हाय ना तुला?"

अक्काने कापड घेतलं, उलटं केलं. "ठेवून जा."

मालक गल्ल्यावरून म्हणाले, "नाव चुकवू नका, बाई. घरचंच गिऱ्हाईक हाय." आणि हसले.

मशीनमध्ये अक्षरं इंग्रजीच होती. मराठी अक्षरं अक्का एकेक काढून जुळवायची. नवऱ्याच्या नावावर ती दुपारभर बसली. वरची रेघ तुटत होती.

न राहवून मी म्हणाले, "अक्का, बिघडवून द्या की."

"मंग पोरगी आणंल का ती?"

दोन्ही नावं अशी उतरली की कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. चाचणीला काढलेली नवऱ्याच्या नावाची चिंधी तिने मशीनचं तेल पुसायला घेतली. "चांगली जाड हाय," म्हणाली. आम्ही हसलो. त्या दिवशी तीही हसली.

ठरल्या दिवशी ती नवी साडी नेसून आली. मांडीवर इस्त्री केलेला फ्रॉक, ताजा मोर. नणंद आली. अंतरपाट तिने सुलटाच पाहिला. पोरगी तिच्या पदराला धरून होती.

"आत्या, ही कोन?"

"शिवणारी बाई," नणंद म्हणाली.

अक्का पुढे झाली. हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. शेवटी तिने पोरीच्या फ्रॉकचा घेर धरला आणि उलटा केला. सवयच ती.

पोरगी मागे सरली. "आत्या, ही माझा फ्रॉक उचलून राह्यली."

अक्काने मोराचा फ्रॉक पुढे केला. नणंदेने तो पोरीच्या छातीला लावून पाहिला. "ह्यात हिचं मुंडकं बी जायचं न्हाई. आमच्याकडं खाऊनपिऊन हाय पोरगी."

"मोठा करून देते. जल्दी करते, वन्सं, बसा जरा. मोर तसाच ठेवते, नुसतं माप घेऊ द्या." इतकं ती कधी बोललेली आम्ही ऐकलं नव्हतं.

"गाडी जाईल आमची," नणंद म्हणाली. फ्रॉक मशीनवर टाकून ती पोरीला घेऊन गेली.

अक्काने फ्रॉक उचलला आणि माझ्यासमोर टाकला.

"उसव."

मी तो उलटा केला. "अक्का, एक गाठ न्हाई ह्याला."

"चौथी, बहिरी झाली का?"

मी उसवला. टाके इतके दाट होते की दिवेलागणीपर्यंत पुरले. ती समोर बसून बघत होती. शेवटचा दोरा निघाला तेव्हा तिने चपला घातल्या आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही, त्यानंतरही नाही. कोणी म्हणालं भावाकडे गेली, कोणी म्हणालं औरंगाबादला. मालकांनी आठवड्यात दुसरी बाई ठेवली.

तो फ्रॉक मालक मशीन पुसायला घेणार होते. मी घरी आणला. मशीनची सुई बारीक भोकं पाडते. दोरा निघतो, भोकं बुजत नाहीत, धुतलं तरी नाहीत. दोरीवर टाकला की उन्हात सबंध मोर दिसतो, पिसासकट. उलटा करून पाहिला. दोन्हीकडून सारखाच आहे.