‘उडवून टाकू’चा अर्थ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच नीट कळत नाही.

दुबईत, देऱ्यात माझं भाषांतराचं ऑफिस आहे. जन्मदाखले, लग्नाचे कागद, मराठीतून इंग्रजीत. एकदा सरकारी फोन आला — रेकॉर्डिंग ऐकायला या. गेले. समोर पांढऱ्या कंदुऱ्यातला, म्हणजे अरबी पायघोळ झग्यातला, एक अधिकारी; गणवेश नाही, आवाज चढवणं नाही. आधी त्यानं कॉफी दिली. मग रेकॉर्डिंग लावलं.

“शुक्रवारी सगळा उडवून टाकू. काय ठेवायचा नाय.”

सलीमभाई! शारजातले आमचे शेजारी. मूळचे रत्नागिरीचे, रास अल खोरच्या बाजारात फळांचा घाऊक धंदा. उरलेला आंबा नासायच्या आत मिळेल त्या भावात काढायचा — एवढंच ते बोलत होते. मला हे कळलं नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

“आवाज पहचानती हैं?”

“नहीं.”

“मतलब क्या है इसका?”

“उडा देंगे... ब्लास्ट भी हो सकता है.”

दुसरा अर्थ मी गिळला. तो सांगितला आणि सलीमभाईंशी ओळख निघाली तर? व्हिसा, नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा... घाबरले.

सलीमभाईंना चौकशीला नेलं. त्यांची बायको माझ्या स्वयंपाकघरात रडत बसली आणि मी — मी तिला चहा करून दिला!

काही दिवसांनी मला पुन्हा बोलावणं आलं. तोच अधिकारी, तीच शांतता. तेच वाक्य त्यांनी आणखी काही जणांना ऐकवलं होतं, प्रत्येकाला स्वतंत्र बोलावून, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. त्यांचा माणूस बाजारात जाऊन आंब्याचा भावही विचारून आला होता. एका तोंडचं आम्ही कधीच धरत नाही, म्हणाला. मग अगदी सौम्यपणे —

“आवाज किसका है, हमें मालूम था. आप बताती हैं या नहीं, बस यही देखना था.”

धमकी नाही, टोमणा नाही. खलास, एवढंच. लिफ्टपर्यंत सोडायला आला. त्या माणसाबद्दल मला आजही आदर वाटतो. एवढासा देश, शंभर भाषांची माणसं — आणि माझ्या एका शब्दावर विसंबून मोकळं होणं किती सोपं होतं! त्यांनी ते केलं नाही. शेजारी मी होते. सलीमभाईंची खरी काळजी त्या परक्यांनी घेतली.

सलीमभाई सुटले, त्याच संध्याकाळी आमच्या दारात आले. छातीवर हात ठेवून म्हणाले, “वहिनी, साहेब बोलला, कोणीतरी मराठी माणसानं बरोबर अर्थ सांगितला. त्या तुम्हीच ना?”

मी नाही म्हटलं नाही. हसले. म्हटलं, “आत या, जेवूनच जा.”