ऊन बंद

लग्न होऊन लासूर स्टेशनहून या शहरात आले तेव्हा मी उन्हाला लई भ्यायची. काळवंडले तर नवरा विटेल, अशी माझी खात्री. वैशाखात मोठ्या जाऊबाई गच्चीवर कुरडया घालायच्या आणि मी जिन्याच्या दारात, डोक्यावर पदर, वर छत्री, गव्हाचा चीक ढवळल्याचं सोंग करायची. जशी काय दुधाची सायच! होते बाजरीच्या भाकरीसारखी. एक दिवस जाऊबाईंनी छत्री हिसकावली आणि सोऱ्या हातात दिला.

"दाब. उतरायला आधी रंग असावा लागतो, राणीसाहेब!"

मग दर उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर. नवरे गेले, पोरं पांगली, कुरडया चालूच.

मागच्या वर्षी माझ्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. पुढं कुरडया घातल्या त्या दिवशी तोंड, हात लालबुंद, नुसती आग. "पित्त उठलं," म्हणत जाऊबाईंनी मला गेरू फासला आणि भर मे महिन्यात घोंगडीत गुंडाळलं. तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टर आधी हसले. मग म्हणाले, "गोळीमुळं कातडीला ऊन सोसत नाही. गोळी सोडायची नाही. ऊन बंद."

यंदा जाऊबाई एकट्याच गच्चीवर, मी परत जिन्याच्या दारात. या उन्हाळ्यानंतर त्यांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता.

"अहो, इकडं तोंड करून काय बसलात? चिमण्या खातायत कुरडया!"

"खाऊ दे. तुझ्याशी बोलू का त्यांना हाकलू?"

मला फाटकापर्यंत जाता यावं म्हणून, "दिवस मावळल्यावर निघू," असं त्यांनी मुलाला विनवलं. त्याला रात्रीचा प्रवास नको होता. भर दुपारी निघाले. मी दारातच पाया पडले.

"बाहेर आलीस तर बघ!" त्या म्हणाल्या.

मी अंगणातल्या कडुलिंबाच्या सावलीपर्यंत गेले. बाराच्या उन्हात ती सावली ती केवढी! गाडीतून मी दिसत नसेन, असं वाटलं, म्हणून हात तेवढा बाहेर काढला. गाडी कोपऱ्यावर वळली तरी तो तसाच.

संध्याकाळी हाताची आग व्हायला लागली. तेवढ्यात त्यांचा फोन.

"उन्हात आली नव्हतीस ना?"

"नाय. दारातच होते की."

"मग तो हात कुणाचा होता गं?"

एरवी त्यांना थाप मारायला मला वेळ लागत नाही. आज मात्र त्यांना दिसणार असल्यासारखा तो हात मी पदराखाली लपवला. फोनमधून त्या नव्या घरातला टीव्ही तेवढा ऐकू येत राहिला.