मागचं गेट

बाळकुमला आमच्या इमारतींच्या मागे महापालिकेचं एक उद्यान आहे. वळणं घेत जाणारी एक पायवाट, तिच्या कडेने बावीस झाडं आणि प्रत्येक झाडापुढे नावाची पत्र्याची पाटी. चढ नाही, पायऱ्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला धरून अर्ध्या तासात आरामात फेरी होते. दोन वर्षं दर रविवारी सकाळी मी आईला तिथे फिरवलं. लोकांना कौतुक. सोसायटीतल्या एका काकूंनी तर लिफ्टमध्ये स्वतःच्या मुलाला माझं उदाहरण दिलं होतं. ते अजून टोचतं, म्हणून हे लिहून टाकतोय.

आई नौपाड्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. घरातही ती बाईच. पुस्तकातल्या पानाफुलांच्या चित्राखालचं नाव तळहाताने झाकायची आणि विचारायची, "हे काय?" उत्तर चुकलं तर मारायची नाही. म्हणायची, "बसा, साहेब." पोटच्या मुलाला अहोजाहो, तेही शिकवणीच्या मुलांसमोर. मुलं खिदळायची. मी बसायचो.

बाबा गेल्यावर ती नौपाड्यातच एकटी राहिली. तिला एवढंच हवं होतं, शेवटपर्यंत त्या घरात राहायचं. विसरायला लागली होती, हे खरं. एकदा गॅस चालू राहिला. डोंबिवलीच्या बहिणीला मी मात्र "दोनदा राहिला" असं सांगितलं. कल्याणच्या पलीकडे एक वृद्धाश्रमही बघून ठेवला होता, पण बहीण तयार होईना.

"फोनवर नीट बोलते रे ती," ती म्हणायची. "बागेतली बावीसच्या बावीस झाडं ओळखते. स्वतः सांगितलंन मला. आणि तू तिला आश्रमात टाकणार? कंटाळलायस तू, दुसरं काही नाही."

कंटाळलोच होतो. म्हणून तर इतकं लागलं.

झाडांचं मात्र खरं होतं. फिरताना मी पाटीवर हात ठेवायचो, ती ठेवायची तसाच, आणि आई मान वर न करता सांगायची, "बहावा." पुढे, "करंज." पुढे, "कदंब." एकही चूक नाही. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आजीचा केवढा अभिमान.

ती मुलगी शनिवारी आजीकडे राहायला जायची. हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय. आई एकटी राहूच शकत नाही असं मी बहिणीला पटवत होतो आणि माझ्या मुलीला तिच्याच भरवशावर तिथे झोपायला पाठवत होतो.

एका शनिवारनंतर मुलगी कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, गंमत सांगू? आजी झाडं ओळखतच नाही. तिच्या पर्समध्ये चिठ्ठी आहे, नंबर घालून. रात्री पाठ करते. मी प्रश्न विचारते तिला. पण तू सांगू नकोस हां, मी प्रॉमिस केलंय."

मी म्हटलं, "नाही सांगणार."

सांगितलं नाहीच. पुढच्या रविवारी बहिणीला डोंबिवलीहून बोलावून घेतलं, आणि नेहमीच्या मोठ्या गेटाऐवजी सगळ्यांना पंपाच्या खोलीकडून मागच्या गेटाने आत नेलं. "इकडून सावली आहे," असं म्हणालो.

आई इस्त्रीची साडी नेसून आली होती. लेक येणार म्हणून केसात अबोलीचा छोटा गजरा. पहिल्या पाटीवर मी हात ठेवला.

"बहावा," आई म्हणाली.

मी हात काढला. पाटीवर लिहिलं होतं, मोह.

बहीण हसली. "अगं आई, चष्मा पूस."

दुसऱ्या झाडाला आई म्हणाली, "करंज." पाटीवर सीताअशोक होता. बहीण या वेळी हसली नाही. माझ्या मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. मी नजर दिली नाही.

तिसऱ्या झाडाशी आई थांबली. मागे वळून गेटाकडे बघितलं, मग पार दूर, मोठ्या गेटाच्या दिशेने. उजव्या हाताचं शेवटचं बोट दुमडलं, त्याच्या शेजारचं दुमडलं, ओठ हलले. ती यादी शेवटाकडून मोजत होती. बावीस, एकवीस, वीस. मला त्या वयात सोडा, आजही जमणार नाही.

"बकुळ," ती म्हणाली.

बकुळच होती. बहिणीचा चेहरा खुलला. "बघ," ती मला म्हणाली, "येतंय की तिला."

आणखी दहा मिनिटं दिली असती तर आईने उरलेली एकोणीस झाडं तशीच काढली असती. मी म्हटलं, "तुक्का लागला," आणि झपझप पुढच्या झाडापाशी जाऊन पाटी झाकली. "हं, आई, सांग. पटकन. मागे माणसं खोळंबलीयेत."

मागे कुणी नव्हतं. आईने पुन्हा बोट दुमडलं. मी म्हटलं, "पटकन, आई." बोटं सुटली. ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "बहावा."

मी म्हटलं, "बसा, बाई."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून आलं, आणि येताना बरं वाटलं, तेही लिहितो.

आई बसली. बाक जरा लांब होता, ती वाटेच्या कडेच्या सिमेंटच्या कट्ट्यावरच बसली, हात मांडीवर घेऊन, शाळेतल्या मुलीसारखी. मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. बहिणीने तोंडाला पदर लावला. आईला घरी सोडायला जाताना रिक्षात ती मला हळूच म्हणाली, "चल, बघू या तुझी ती जागा. चुकलंच माझं."

महिन्याभरात आई कल्याणला गेली. नौपाड्याचं घर आम्ही बंद केलं. मुलगी आता मोठी झाली. माझ्याशी नीट बोलते, पण मला काही सांगत नाही.

गेल्या वर्षी आई वारली. आश्रमातून आलेलं सामान बहिणीने आणि मी मिळून लावलं. पर्समध्ये ती चिठ्ठी होती, घड्यांवर फाटत आलेली. एका बाजूला एक बहावा, दोन करंज, असे ओळीने बावीस. दुसऱ्या बाजूला तीच यादी, मोहापासून सुरू केलेली. मोह, सीताअशोक, बकुळ. अक्षर खाली खाली वाकडं होत गेलेलं. सात नावांनंतर कोरं.

मी तिला मागच्या गेटाने पुन्हा कधी नेलंच नव्हतं.

बहिणीने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "बघ ना," ती म्हणाली, "किती गोंधळली होती बिचारी. यादीसुद्धा उलटी लिहिलीन. बरं झालं रे, तू वेळेवर ओळखलंस."

मी म्हटलं, "हो."