चाळिसावा गडवा

माझ्या बहिणीच्या लग्नातला एकूण एक गडवा मला आठवतो. लग्न मात्र आठवत नाही.

दोष बाबांचा! पाणी प्यायचे गडवे बिछायतवाल्याकडून भाड्याने आणले, तेव्हा त्याने बजावलं होतं, "चाळीस हायेत. बुडाले लाल ठिपका हाये. पोचा आला त वापस घेनार नाही!" बाबा मला म्हणाले, "तू फक्त गडवे पाह्य. बाकी काई पाहू नको." आयुष्यात वडिलांचं मी एवढं एकच ऐकलं.

मंगलाष्टकं चालू होती तेव्हा मी पंगतीत वाकून ठिपके तपासत होतो. कुसुम कोणत्या रंगाचा शालू नेसली होती, देव जाणे! (नेसली होती, एवढं नक्की.)

निरोपाच्या वेळी गडवे भरले एकोणचाळीस. माझं डोकंच फिरलं. कोराडीला निघालेल्या वऱ्हाडाच्या बसमध्ये चढून मी पाहुण्यांना एकेक करून उठवलं!

"काहून जी, आम्ही चोर दिसून राहिलो का?" नवरदेवाचा मामा कडाडला.

"तसं नाही जी! फक्त पाय वर घ्या!"

खाली उतरतो तर बसच्या दाराशी बाबा, आणि त्यांच्या हातात चाळिसावा! मी तो हिसकावला, त्यातलं पाणी ओतून बूड पाहिलं आणि ओरडलो, "सापडला!" तेवढ्यात बस सुटली.

फोटोवाल्याचा रोल खराब निघाला. पुढे काही वर्षांनी बाबा गेले. तेराव्याला कुसुमने मला गाठलं.

"दादा, मी निघाली तेव्हा बाबा रडले का गा? मी त मान खाली घालून होती. तू समोरच होता."

मी डोळे मिटले. हात दिसला, गडवा दिसला, लाल ठिपका दिसला. चेहरा काही केल्या दिसेना! 'हो, रडले' म्हणून मोकळं होता आलं असतं, पण समोर बाबांचा हार घातलेला फोटो. जीभ रेटेना. खरं ते सांगून टाकलं.



"बाबाले मीच पाणी मांगतलं होतं," ती म्हणाली. "कोराडीपर्यंत घसा कोरडा होता माहा."

मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

"त्या गडव्यायसंगं तुलेच वापस करायले पाहिजे होतं!" नाक पुसत ती म्हणाली.

करून पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता. पोचा आलेला माल तो बिछायतवाला घेत नसे!