चुकांचा रकाना

नॉटिंगहॅमच्या पार्कात उन्हाळ्यातल्या रविवारी हौशी मंडळी बेसबॉल खेळायची. सीमेबाहेर घडीच्या खुर्चीवर एक म्हातारा अमेरिकन बसायचा. गुडघ्यावर वही, कानामागे पेन्सिल. स्कोअर लिहायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी नुकताच हॉस्पिटलातून निवृत्त झालो होतो; त्याच्या शेजारी बसू लागलो. नाव कधी विचारलं नाही.

"आमच्याकडची जुनी मैदानं पाडली, डॉक्टर," तो एकदा म्हणाला. "मग जुन्यासारखी दिसणारी नवी बांधली. वर नाव कंपनीचं. लोक आठवणींचं तिकीट काढून आत जातात. मीही गेलो, आणि रडलोसुद्धा."

तेवढ्यात एकाच्या हातून सोपा झेल सुटला. म्हाताऱ्यानं वहीत त्याच्या नावापुढे, चुकांच्या रकान्यात, एक चूक मांडली.

"हौशी खेळ आहे, सोडून द्या," मी म्हणालो.

"सोडली तर ती चेंडू टाकणाऱ्याच्या माथी बसते. खेळातलं बाकी सगळं मालकांनी विकलं, पण हा रकाना अजून आहे."

मला हॉस्पिटलातली एक जुनी चौकशी आठवली. एका रुग्णाचा डोस मी चुकीचा लिहिला होता. तो वाचला, पण चौकशीत ठपका नर्सवर आला, तिची नोकरी गेली. डोस माझ्या हातचा होता, हे मी तेव्हा सांगितलं नव्हतं.

घरी येऊन हॉस्पिटलला पत्र लिहायला बसलो.

"अहो, आता कशाला उकरून काढता?" बायको म्हणाली.

"चूक अजून त्या नर्सच्या नावावर आहे म्हणून."

डोस मी लिहिला होता, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. खाली सही केली आणि पाकीट स्वतः जाऊन पोस्टात टाकलं.