रिकाम्या गावातलं नेत्रशिबिर

आमचा गाव मालवण तालुक्यात आहे. नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे तोंड दाखवायचं आहे. तसे आम्ही गणपतीपुरतेच गावकरी. बाबा ओरोसला सरकारी नोकरीत, म्हणून मी वाढले क्वार्टर्समध्ये. मग कोल्हापुरात जाऊन जनसंपर्काची पदविका घेऊन आले आणि डोक्यात वारं शिरलं.

कसालजवळच्या एका खाजगी नेत्रालयाने मला जनसंपर्क अधिकारी म्हणून ठेवलं, तीन महिने बघू या बोलीवर. मी पेढे घेऊन दाजींकडे गेले. दाजी म्हणजे बाबांचे थोरले चुलत भाऊ. वय सत्तर, भातशेती आणि काजू. देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं काम त्यांच्याकडे. कोणाची नवी स्कूटर आली, कोणाची मुलगी सासरी निघाली, कोणाची गाय हरवली, की दाजी नारळ ठेवून देवाला सगळी हकिकत सांगणार आणि जमलेले लोक मागून "व्हय म्हाराजा" म्हणणार.

"जनसंपर्क म्हणजे काय गो?" दाजींनी विचारलं.

"लोकांशी बोलायचं, त्यांना आपल्याकडे आणायचं."

"आणि ह्येचो पगार गावता?"

मी हसले. मनात म्हटलं, यांना काय कळणार!

तिसऱ्या महिन्यात नेत्रालयाच्या साहेबांनी मला बोलावलं. एक मोफत नेत्रतपासणी शिबिर घ्या, शंभर माणसं आणा, नाहीतर रामराम. मी म्हटलं, शंभर कसली, दोनशे आणते, माझाच गाव आहे. जीभ काय, उचलली आणि टाळ्याला लावली.

मग कामाला लागले. वर्तमानपत्राला दोन पानी बातमी पाठवली. त्यांनी आठ ओळी छापल्या, हरवलेल्या म्हशीच्या निवेदनाशेजारी. एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स लावला. शाळेचा वर्ग मुख्याध्यापकांकडून मागून घेतला. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निमंत्रण टाकलं, एकदा नव्हे, नऊ वेळा. आणि रोज सकाळी पन्नास जणांची गुलाबाची फुलं येतात म्हणून मग तो ग्रुप म्यूट केला आणि पुन्हा उघडलाच नाही. जनसंपर्क अधिकाऱ्याने जनांचाच आवाज बंद केला! बाबा ताईच्या बाळंतपणासाठी आईसोबत मुंबईला निघताना म्हणालेसुद्धा, "एकदा गावात फेरी मार, घरोघर सांगून ये." मी म्हटलं, "बाबा, ती जुनी पद्धत झाली."

शिबिराच्या दिवशी सकाळी नऊला आमची गाडी गावात शिरली. मी, डॉक्टर किशोरी मॅडम आणि ड्रायव्हर गणपत. मागे पाचशे माहितीपत्रकं. शाळेला कुलूप. शेजारच्या घराला कडी. त्याच्या शेजारच्याही. वाड्यात गुरं नाहीत, अंगणात कोंबडी नाही.

गणपतने गाडी बंद केली. "मॅडम, कुत्रोसुदा भुंकणा नाय. ह्या बरा लक्षण न्हय."

"दोनशे पेशंट म्हणाला होतात," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "मला एक मांजर तरी दाखवा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावपळण! काही वर्षांनी आमच्याकडे देवाचा कौल होतो आणि सगळा गाव, गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. मी लहानपणी एकदा त्यात गेलेली आहे, मजा केलेली आहे. ग्रुप उघडला. कौल चार दिवसांपूर्वीच झाला होता. खाली माझ्या नावाने चौदा निरोप: दीपिका, त्या दिवशी गाव भायर आसतलो, तारीख बदल. चौदावा मुख्याध्यापकांचा होता, शुद्ध मराठीत.

नोकरी गेली हे मला स्पष्ट दिसत होतं, त्यासाठी डोळे तपासून घ्यायची गरज नव्हती. तरी गणपतला म्हटलं, गाडी वेशीवरच्या वहाळापलीकडे घे.

वेशीबाहेर मळ्यात माडाच्या विणलेल्या झापांच्या खोपी आणि ताडपत्र्या उभ्या होत्या. अख्खा गाव तिथे. चुली पेटलेल्या, बायका मासे साफ करतायत, पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगात आलेले. सगळे एका जागी आणि कोणालाही काडीचं काम नाही. माझ्या जीवात जीव आला. गाडीतला कर्णा घेतला आणि सुरू केलं, "सन्माननीय ग्रामस्थ बंधू आणि भगिनींनो..."

एकानेही पत्ता खाली ठेवला नाही.

"चौदा वेळा सांगलव तुका," जानकीकाकी मासळीवरून नजर न उचलता म्हणाली. ती आमची शेजारीण. "एकदा तरी उत्तर दिलंस? आता करणो घेवन बोंबलतंस ती!"

मी कर्णा खाली केला. रडू येत होतं, आणि डॉक्टर मॅडम घड्याळ बघत होत्या. तेवढ्यात दाजी खोपीतून बाहेर आले.

"किती जणांच्या दारात गेलंस गो?"

"एकाच्याही नाही."

"मगे?"

यावर कोल्हापुरात काही शिकवलं नव्हतं. "चुकलं माझं, दाजी," मी म्हटलं. "आज शंभर माणसं झाली नाहीत तर माझी नोकरी जाईल."

दाजींनी जानकीकाकीकडून एक नारळ मागून घेतला, गावाच्या दिशेला तोंड करून ठेवला आणि हात जोडले. पत्ते खाली पडले. माणसं आपोआप उठून मागे उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! ह्या आमच्या भावाचा चेडू. नोकरीक लागलाहा."

"व्हय म्हाराजा!"

"शिकला भरपूर, पण शाणपण जरा कमी पडला."

"व्हय म्हाराजा!" हा सगळ्यात मोठा आवाज होता.

"तर जी काय चूक झाली आसात, ती पायाखाली घाल, आणि शंभर काय, दीडशे माणसा तिच्याकडे धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

झालं. देवासमोर होय म्हटल्यावर मागे फिरणार कोण? आंब्याच्या झाडाला अक्षरांचा तक्ता टांगला आणि रांग लागली. प्रत्येकाच्या अर्जावर एक प्रश्न होता: शिबिराची माहिती कुठून मिळाली? मी आशेने विचारत होते, वर्तमानपत्र? फ्लेक्स? व्हॉट्सॲप? "दाजीन सांगल्यान." तीन वाजेपर्यंत मी हे एकशे सतरा वेळा लिहिलं. डॉक्टर मॅडम अर्ज चाळत म्हणाल्या, "नोकरी राहील तुमची. पण पुढच्या शिबिराला दाजींना विचारूनच तारीख घ्या."

दाजी सर्वांत शेवटी आले. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्यांना धड दिसेना. मॅडमनी त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली, भिंगं बदलली, आणि जवळचं वाचायला काहीतरी द्या म्हणाल्या. मी माहितीपत्रक पुढे केलं.

"ता नको," दाजी म्हणाले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी घडी पडलेलं कात्रण काढलं. "ह्या वाचतंय. माझ्या चेडवान लिवलाहा. आठ दिवस सगळ्या गावाक दाखवतंय."

मला भरून आलं. माझी बातमी निदान एकाने तरी जपून ठेवली होती. दाजींनी कात्रणावर सराईतपणे अंगठा ठेवला आणि पहिल्यांदाच वाचू लागले, "काळ्या रंगाची, डावे शिंग मोडलेली म्हैस..."

ते थांबले. भिंगांतून माझ्याकडे बघितलं, मग जमलेल्या लोकांकडे. सगळे खाली बघत होते.

"गो जानकी," दाजी म्हणाले, "तुका तर वाचूक येता. तू बोललंस, बरा लिवलाहा."

"मगे काय बोलू, दाजी?" जानकीकाकी म्हणाली. "तुमी इतक्या कवतिकान दाखवत होतास."

मी त्यांचा अंगठा उचलला आणि शेजारच्या आठ ओळींवर ठेवला. ते एकेक शब्द लावत गेले. "असे जनसंपर्क अधिकारी दीपिका घाडी यांनी कळविले आहे" इथे पोचल्यावर माझं नाव त्यांनी पुन्हा एकदा वाचलं, मोठ्याने.

"व्हय म्हाराजा!" अख्खा मळा ओरडला.