हरलेला बैल आणि लॉबीतला दोर

१२ जानेवारी. हातात दाभण, मेण लावलेला दोरा आणि समोर बैल. इथे आखातात, अल् खुवैरमधल्या एका कंपनीच्या लॉबीत मी फतकल मारून बसले होते आणि बैलाच्या वशिंडाची उसवलेली शिवण घालत होते.

हा बैल म्हणजे बाक आहे. मी आणि माझ्या धाकट्या भावाने केलेला. लाकूड त्याचं, गादी माझी. तो आठवडाभर एका कंत्राटदाराकडे ऑफिसांची पार्टिशनं आणि फॉल्स सीलिंग ठोकतो, माझं रुवीत पडद्यांचं आणि सोफ्याच्या कव्हरांचं दुकान आहे. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बरका गावी एका शेतावरच्या शेडमध्ये आम्ही आमचं काम करतो. तिकडे बैलांच्या टकरी लावतात. त्या बघून भाऊ म्हणाला, "जिंकलेला बैल कोणीपण करेल. आपण हरलेला करू. टक्कर सोडून खाली बसलेला." तसाच केला. पाय दुमडलेले, पाठ बसायला, वशिंड टेकायला आणि एक शिंग पर्स अडकवायला जरा वाकवलेलं.

आमची कुठलीही वस्तू पास व्हायची एकच रीत आहे. दोघांनी तिच्यावर बसून अख्खं जेवण जेवायचं. आधी मी. "तुझ्याखाली टिकलं की जगात कुठेही टिकेल," असं भाऊ म्हणतो, म्हणून सुरमईचा मोठा तुकडा मी घेते.

कंपनीने बैल बघायला म्हणून ठेवून घेतला होता. आवडला तर हा विकत घेणार आणि नव्या इमारतीसाठी आणखी सहा जनावरं सांगणार. ती ऑर्डर आली की भावाचा कामाचा व्हिसा कंत्राटदाराकडून माझ्या दुकानावर घ्यायचा आणि त्याने सीलिंगला रामराम करायचा, असं आमचं ठरलं होतं.

शिवण उसवली हे ऐकून मला बरंच वाटलं होतं. याचा अर्थ लोक बसतात. पण शिवता शिवता दिसलं की बैलाच्या चारी बाजूंना पितळी खांब आलेत आणि त्यांना लाल मखमली दोर लावलाय. पुढे पाटी: बसू नये.

तिथला ॲडमिन मॅनेजर पुण्याचा. तो आला आणि म्हणाला, "मॅडम, आता काळजी नको. ड्रायव्हर लोक डबे घेऊन बसत होते हो याच्यावर!"

"मग? बाक आहे तो."

"नाही, नाही. बॉस म्हणतात हे स्कल्प्चर आहे. तुम्ही कलाकार आहात, तुम्हाला तर आनंद व्हायला हवा."

"पुढच्या सहांचं बोलताना सीटची उंची गुडघ्याला बरोबर यायला पाहिजे, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"तेव्हा वेगळं होतं. आता पुढचे सहाही असेच दोरात ठेवायचे. शिवाय त्यांना मजबुतीची गरज नाही, आतून पोकळ चालतील. तुमचंच काम कमी."

मी गाठ मारली, दोरा दाताने तोडला. "दोर काढा, नाहीतर बैल परत द्या."

"अहो, सहांची ऑर्डर आहे! भावाला तरी विचारा."

ते मात्र त्याचं बरोबर होतं. पार्किंगमध्ये जाऊन फोन लावला. भाऊ कुठल्याशा शिडीवर होता. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, तू गप्प शिवून घरी ये. ठेवू दे त्यांना दोरात, नाहीतर काचेत. मला ही शिडी सोडायची आहे."

"पोकळ करशील?"

त्याच्या मागे ड्रिल चालू होतं.

"मी विचारतेय. जिच्यावर मी बसले तर मोडेल, अशी वस्तू करशील तू? सहा वेळा?"

"तू बसलीस तर पूलसुद्धा मोडेल," तो चिडून म्हणाला. मग, "नाही करणार. पण ऑर्डर तुझ्या तोंडाने गेली, हे लक्षात ठेव."

"ठेवते. उद्या पिकअप सांगू?"

"सांग. मी काय येणार नाही."

मी परत आत गेले आणि मॅनेजरला सांगितलं, उद्या सकाळी नेतो. "विचार करा, मॅडम," तो म्हणाला. मी म्हटलं, "केला. खलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला मी पिकअप घेऊन गेले. भाऊ दाराशी उभा होता, अर्धी सुट्टी टाकून. "तू शिंगं मोडशील म्हणून आलो," म्हणाला. मी दोराची कडी काढली, पाटी रिसेप्शनच्या टेबलावर ठेवली. पिकअपच्या ड्रायव्हरने आणि भावाने बैल उचलला, मी मागून धरला. रुवीला पोचल्यावर दुकानातला कापायचं टेबल भिंतीला सरकवून बैल दारातच, येणाऱ्यांना बसायला ठेवला. भाऊ परत शिडीवर गेला, आणि मी पडद्याचं कापड मापायला घेतलं.